कानस लावायची नाही

उद्यमनगरात तीस वर्षं दाते कापतोय मी.
ऑइल इंजिनाचे, उसाच्या चरकाचे,
एकदा तर जत्रेतल्या पाळण्याचे.
हॉबिंग मशीनच्या तेलाचा वास
साबणानं जात नाही, भाकरीला लागतो.

आणि ही रेणू, थोरल्याची पोरगी, सातवीतली.
चटईवर प्लॅस्टिकचे तुकडे पसरून बसलेली,
भोकांच्या पट्ट्या, फुलीच्या आकाराचे दांडे.
तांदूळ निवडावेत तशी गिअरं निवडते:
आठ दात्यांचं, बारा, सोळा, वीस.
चाळीस दात्यांचं एकच आहे,
ते पानाच्या डब्यात, कापसावर.

करायचाय उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या,
कारखान्याच्या रस्त्याला असतो तसाच,
शेवटच्या ट्रॉलीला लाल फडक्यासकट.

मी आठाचं गिअर उचललं, व्हर्नियर लावलं.
बाहेरून दहाच्या आसपास.
आठ अधिक दोन. अगं, हे तर एक मॉड्यूल!
दस्तगीर मिस्त्रींनी पहिल्या दिवशी
माझ्या हातात दिलेला कटर एक मॉड्यूलचाच होता.
रेणू म्हणाली, मग?
जसं काही मी सांगत होतो
की पाण्यानं भिजतं.

गिअरबॉक्स तिचा अडत होता.
सोळाला वीस जोडू बघत होती, सरळ पट्टीवर.
बेरजेची निम्मी अठरा, आणि भोकं आठ-आठवर.
सोळावर ठेवलं तर दाते दात्यांत घुसतात,
चोवीसवर ठेवलं तर ओळखही देत नाहीत.
माझा हात सवयीनं पिशवीत गेला.
जरा कानस मारू, भोक लांबट करू, बसतंय की.

"तात्या, कानस लावायची नाही."
मान वर न करता.
"कापायचं नाही, घासायचं नाही, चिकटवायचं नाही.
नाहीतर कुणीबी करंल."

कुणीबी करंल.
तीस वर्षांत मी काय कमी घासलंय?
कास्टिंग वाकडं आलं, घास.
चावी सैल, पत्र्याची पाचर मार.
गिऱ्हाईक दारात, उद्या गळीत हंगाम सुरू,
घास.
बसलं की बरोबर होतं म्हणायचं.

तिनं सोळा काढून बारा घातलं.
बाराला वीस, दोन भोकं, नेमकं.
पण वेग बदलला, दांडा सरकला,
सीट मागं गेली, बॉनेट लांबलं,
ट्रॅक्टर घोड्याच्या तोंडाचा दिसायला लागला.
"दिसू दे."

मग मागच्या आसाचा पिंजरा बसवला.
वळताना आतलं चाक दमानं, बाहेरचं धावत,
आणि मधली छोटी तिरकी गिअरं
आपसात ठरवतात कुणी किती.
असले शेकड्यांनी उघडलेत मी,
पण काळ्या ग्रीसमध्ये, बंद पडलेले.
असं उघड्यावर, चालताना, कधीच नाही.
दोनदा तिला फिरवायला लावलं.
तिसऱ्यांदा मीच फिरवलं.

खराट्याच्या काड्यांचा ऊस भरला.
इस्त्रीची फळी लोणच्याच्या बरणीला टेकवली.
निम्म्यावर पुढची चाकं हवेत, डिट्टो खऱ्यागत.
"बॅटरी पुढं घे," मी म्हणालो.
एवढंच काय ते माझं.
तिनं चाळीसेक तुकडे सुटे केले,
आणि त्या लांबलेल्या बॉनेटात
बॅटरी अशी बसली, जशी तिच्यासाठीच जागा ठेवली होती.

चढला. कुरकुरत, पण चढला.
वर जाऊन थांबला,
पुढं इस्त्री होती.

सकाळी शिरोलीचं काम, शाफ्टवर गिअर बसेना.
पोऱ्यानं न विचारता कानस पुढं केली.
थांब लेका, आधी मोजू.
खिशातून व्हर्नियर काढलं
तर जबड्यात करड्या रंगाचं अर्धं बुश.
चार मिलिमीटर.
तिकडं ती चटई झाडत असणार,
दांड्यावर कुठंतरी चारच मिलिमीटर ढिलं,
आणि माझ्या नावानं शंख.