मगे?

विळीवर तिसऱ्या उघडताना हात रिकामे नसतात,
तोंड तेवढं मोकळं.
दूर्वा समोर फतकल मारून शिंपल्या मोजते,
अकरानंतर थेट पंधरा.
मी म्हणते, बाय, त्या दिवशी होडीत काय झाला ता सांग.
ती म्हणते, तू सांग. मी इचारतंय.

मग मी सांगते. सर्जेकोटहून तळाशिलाला येणारी होडी,
खवणेकराचं नवं इंजिन, मधेच खोकणारं.
“मगे?”
मगे वारो सुटलो.
“छत्री खयच्या रंगाची?”
तूच सांग.
“जांभळी. दांडो मोडको. तेका सुतळी बांधलेली.”
सुतळी मी विसरले होते.

छत्री उडाली, उलटी होऊन खाडीत बसली,
“होडयेचा पिल्लू!”
एका म्हाताऱ्याने तिच्यासाठी वल्हं लांबवलं
आणि त्याचीच टोपी पाण्यात. सगळी होडी हसली.
ही गोष्ट मी सगळीकडे सांगते,
रेशनच्या रांगेत, सुकत घातलेल्या बांगड्यांशी बसून,
दर खेपेला वल्हं हातभर वाढतं.

माझी आई असं विचारत नसे.
“पडलंस खय? पायरेर. रडलंस? होय.”
संपलं. वाटे घालून झाले की टोपली उपडी.
तिला वेळ नव्हता,
किंवा मागे वळलं तर काय काय दिसेल
ते तिला ठाऊक असावं.
सात वर्षांची होईपर्यंतचं मला माझं काही आठवत नाही.
एक पायरी तेवढी आठवते.

“तू रडलंस,” दूर्वा म्हणते.
हसून हसून पाणी इला गो डोळ्यांत.
“न्हय. छत्री जावच्या आधी.
तू पोटार हात धरलं होतंस.
आणि माका बिस्किटाचो आख्खो पुडो दिलंस.
कधी देणंस नाय.”

विळी थांबते.
मी गोष्ट होडीपासून सुरू करते, मुद्दाम.
मालवणच्या दवाखान्याचा जिना, करकरणारा पंखा,
“ह्या खेपेला नाही” म्हणून कागदावर शिक्का मारणारी बाई,
सगळं पलीकडच्या धक्क्यावर ठेवून आले होते.
ते हिने बिस्किटाच्या पुड्यातून
अलीकडे आणलं.

तुका काय कळता, म्हणता आलं असतं.
जिभेवर आलंही, आईच्याच आवाजात.
“होय,” मी म्हणते, “रडलंय.”
“मगे?”

पुढचं वाक्य माझ्यापाशी नाही.
शिंपलीतलं खारं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं.

“मगे तू माझ्याकडे बिस्कीट मागलंस,” तीच सांगते,
“मी अर्धा दिलंय.
मगे वारो सुटलो.”

अर्धं बिस्कीट.
चव आठवून बघते, येत नाही.
पण उद्या रेशनच्या रांगेत कोणी विचारलं
तर तिथूनच सुरू करावं लागेल.

दूर्वा पुन्हा मोजायला लागते.
दहा. अकरा.
मी वाट बघते.
पंधरा.