दांडी

चौथा मजला. लिफ्ट नाही.
ग्दिनियातल्या ह्या पॅनेलच्या इमारतीत
ड्रिलची जड पेटी घेऊन मी चढते तेव्हा
कोबीची वाफ आणि समुद्राची थंडी
दोघी माझ्याबरोबर जिना चढतात.

दार झेनोन उघडतो. वय ब्याऐंशी.
"दांडी तिच्यासाठी आहे," हे तो नमस्काराआधीच सांगून टाकतो.
आतून ब्रोन्या ओरडते,
"खोटं, यागोदा! त्याच्यासाठी आहे.
मी अजून स्टुलावर चढून खिडक्या पुसते."
पालिकेच्या अर्जावर दोघांपैकी कुणाचीच सही नाही.
सही लेकीची. ती ओस्लोत असते.

बाथरूम एवढीशी, हात पसरले की दोन्ही भिंती लागतात.
टाइल्स फिक्या हिरव्या, आणि सांधे इतके सरळ
की पाण्यानंही रांगेत उतरावं.
"मी बसवल्यात. गोदीतून उरलेल्या.
ह्यांच्या बहिणी तीन जहाजांच्या मुदपाकखान्यात होत्या.
जहाजं भंगारात गेली, ह्या राहिल्या.
आणि तू आता त्यांना भोकं पाडणार."

"सहाच," मी म्हणते.
'सहाच' म्हणायला नको होतं.

बोटाच्या पेरानं भिंत वाजवत जाते.
भरीव. भरीव. भरीव.
मग एक टाइल रिकाम्या डब्यासारखी बोलते.
"तिथं नको," तो दारातून म्हणतो,
"तिथं असताना मुलगी झाल्याचा निरोप आला.
सिमेंट नीट भरलंच नाही मी, तसाच पळालो."
शेहेचाळीस वर्षं ती पोकळी
त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.
स्वयंपाकघरात ब्रोन्याच्या हातातलं भांडं
वाजायचं थांबतं.

चिकटपट्टीची फुली, पेन्सिलीचा ठिपका.
ठोका बंद, नुसतं फिरणं.
मी न मागता तो ओला स्पंज आणतो
आणि हिऱ्याच्या टोकाखाली धरतो.
"हळू. घाई केलीस तर ती
तडा देऊन उत्तर देईल."
हात थरथरतो, पाण्याचा दुधट ओघळ
माझ्या बाहीतून कोपरापर्यंत जातो.
स्पंजाची बाटली माझ्या पेटीत आहे.
मी ती काढत नाही.

टाइलपल्याड काँक्रीट. आता ठोका चालू,
सगळी इमारत दात वाजवते,
खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाइपवर चमचा आपटतं.
टबात राखाडी पीठ साचतं.
"हे धुणार कोण?" ब्रोन्या विचारते,
आणि मोरीचा ब्रश घेऊन उभीच असते.

प्लग, सिलिकॉन, स्क्रू.
मग पाय उचलून मी दांडीला लोंबकळते,
बहात्तर किलोची मी, भिजल्या कोटासारखी.
ती हूं की चूं करत नाही.

"आता तुम्ही धरून बघा."
कुणी पुढे येत नाही.
मी उगाच हत्यारं मोजत बसते.

बऱ्याच वेळानं झेनोन म्हणतो, भिंतीला म्हटल्यासारखं,
"जहाजावर प्रत्येक बोळात दांडी असते.
विशीतली पोरंसुद्धा धरून चालतात.
तिथं दोष समुद्राचा असतो."
एवढं बोलून आत जातो
आणि दांडीवर आपला टॉवेल टाकतो.
"टॉवेलला बरी आहे."

मी सही घेते, निघते.
दार मागे नीट लागत नाही,
पहिल्या वळणापर्यंत ऐकू येतं —
ब्रोन्याच्या सपाता, मग तिचा आवाज,
"टॉवेल खुंटीवर. आणि आता धर.
मी पाठ फिरवलीय."

मग काहीच नाही.

दुसऱ्या मजल्यावर आठवतं:
सिलिकॉन सुकेपर्यंत एक दिवस हात लावायचा नाही,
हे सांगायचं राहिलं.
पेटी खाली ठेवते. वर बघते.
गोदीतला माणूस आहे, त्याला ठाऊक असणार.
पेटी उचलते.