करंट गेल्यावर

वडगावात दुपारी बोलायचं म्हणजे ओरडायचं.
एका पत्र्याखाली आठ माग,
चार आमचे, चार सावकाराचे,
शेजारी बडिगेरांचे बारा.
आमच्यात भांडणंसुद्धा हातवाऱ्यांनी होतात.

कांडी मला सापडली सुताच्या पेटीत,
रिकाम्या कांड्यांवर झोपलेली, करडी, मूठभर.
म्हणून कांडी.
भिंतीपलीकडे नीलव्वाकडे तिचं नाव बेळ्ळी.
दोन्ही नावांना ती कधी वळून बघायची नाही,
ताटलीच्या आवाजाला मात्र
दोन्ही घरांत धावायची.

डाक्टर हिरेमठ म्हशींचे.
मांजर बघून आधी हसले,
मग हिरड्या बघितल्या आणि हसायचे थांबले.
किट हुबळीहून मागवलं, त्यात आठवडा गेला.
रक्ताचा एक थेंब, दहा मिनिटं, दोन रेघा.
वहिनीच्या वेळी दोन रेघा दिसल्या तेव्हा
आम्ही गल्लीत पेढे वाटले होते.
दोन म्हणजे चांगलंच ना, डाक्टर?
ते चष्मा पुसत राहिले.
रक्ताचा कॅन्सर करणारा विषाणू, म्हणाले,
बरं करायचं औषध नाही, सांभाळणं आहे.
किती दिवस? कधी दोन वर्षं, कधी दोन महिने.
माणसाला होत नाही.
मांजराला मांजराकडून होतो,
एकमेकांना चाटण्यातून, एका ताटलीतून.
म्हणजे मायेतूनच की, मी मनात म्हटलं.

नीलव्वाकडे दोन पिलं आहेत,
म्हणून भिंतीवर जाळी ठोकली.
जाळी तिनं पलीकडून धरली, खिळे मी मारले.
भाऊ म्हणाला, घातलीस आता हिला पण बॉर्डर.
मला तसलं काही सुचलं नव्हतं.
खिळे वाकडे जात होते,
तेवढंच दिसत होतं.

रंगातलं मला कळतं. तीस वर्षं कळतंय.
कच्चा कुठला, पक्का कुठला,
पहिल्या धुण्यात कुठला काठ सुटणार.
रोज सकाळी तिचा ओठ अंगठ्यानं वर करते.
सोमवारी फिकट गुलाबी.
बुधवारी कोऱ्या सुतासारखं.
मग सुई काढलेली सिरिंज,
कलेजीचं कोमट पाणी, गालाच्या कडेनं, थेंब थेंब.
पहिले दोन गिळते,
तिसरा माझ्या पदरावर.
भाऊ म्हणतो, एवढ्या पैशात
जरीच्या चार लडी आल्या असत्या.
आल्या असत्या की. मी कुठं नाही म्हणते?
रात्री तोच पाणी कोमट करून ठेवतो
आणि स्टो नीट विझला नाही म्हणून
माझ्यावर खेकसतो.

संध्याकाळी जाळीतून नीलव्वा विचारते,
ऊटा आतेन?
मी म्हणते, अर्धं.
तो शब्द दोन्हीकडे जवळजवळ तोच,
तरी ती क्षणभर थांबते.
आजचं अर्धं कालच्या अर्ध्यापेक्षा कमी आहे,
हे तिला कसं कळतं कोण जाणे.

पाच वर्षं मला वाटायचं, ही मुकी.
परवा रात्रपाळीत करंट गेला.
आठ माग, बारा माग, अख्खी गल्ली एकदम थांबली,
धोटा मधेच, धाग्यांच्या पोटात.
आणि कांड्यांच्या टोपलीतून आवाज आला,
बारीक, एकसारखा,
लांब कुठंतरी कुणी एकट्यानं
छोटासा माग चालवत असावं तसा.
मी हलले नाही.
मग हळूच नीलव्वाला हाक मारली.
ती आली, जाळीला कान लावून उभी राहिली,
पिलं तिच्या पायात घोटाळत होती.
मेणबत्ती कुणीच शोधली नाही.

वीस मिनिटांनी करंट आला.
आवाज बुडाला.
मी तिच्या बरगड्यांवर तळवा ठेवला.
चालू होतं.
मग उठून तुटलेल्या धाग्याला गाठ मारली.