खाली उतरणारी रेघ

ट्रुरोच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीकडे पाठ करून मी बसते
आणि काउंटीतले आंधळे मोजते.
म्हणजे नावं मोजते. डोळे मोजायचं काम इस्पितळाचं.
तिथून फॉर्म येतो. डॉक्टरच्या सहीखाली पेशंटची सही,
बहुतेकदा रेघ सोडून वर चढलेली;
एखादी तर टेबलावरच संपली असणार,
कागदावर नुसती सुरुवात.

रकाने दोन. पूर्ण. अंशतः.
सकाळी मासळी बोटाने नाही, नजरेने ओळखतो
आणि चार वाजता स्वतःच्या घराचं फाटक चुकतो
अशा माणसाला कुठं घालायचं,
हे मी एकोणीस वर्षं विचारतेय.
विचारायची माणसं बदलली.

दर तीन वर्षांनी आकडे लंडनला जातात.
यंदाही रेघ खाली आली.
मिस्टर चेनोवेथ म्हणाले, छानच की,
इंजेक्शनं लागू पडताहेत लोकांना.
पडतात. मी कुठं नाही म्हणते?
त्या सुयांनी वाचलेल्या एका बाईने
मला केशराचा पाव आणून दिला होता,
वजन करून, स्वतः काटा वाचून.

पण रेघेला कारण विचारता येत नाही.
मागच्या मे महिन्यात आम्ही नोंदवही साफ केली,
मेलेल्यांची नावं काढली एका दुपारीत.
पेन्झन्सचे एक गृहस्थ सहा वर्षांपूर्वीच गेलेले;
ठळक अक्षरातलं आमचं पत्रक
दर नाताळला त्यांच्या दारात पडत होतं
आणि नवे भाडेकरू, काय वाटलं असेल त्यांना,
ते जपून ठेवत होते.
तेवढ्यानेही रेघ उतरते.

आणि न्यूलिनचा जेगो ट्रेवास्किस.
त्याचा फॉर्म वर्षभर फ्रिजवर,
खेकड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
फोनवर मी सगळं सांगितलं :
टीव्हीचं लायसन्स अर्ध्या पैशात,
पांढरी काठी, हवी असली तर,
आणि आमची एक मुलगी येऊन
शेगडीच्या बटणांवर नारिंगी ठिपके चिकटवते.
तो म्हणाला, आणि गाडी?
गाडी तो चालवत नव्हताच.
दोन वर्षं दारात उभी होती.
दर रविवारी तो तिला धुवायचा,
आरसेसुद्धा.
माझ्या आकड्यांत जेगो डोळस आहे.
दृष्टिआड सृष्टी म्हणतात;
नोंदीआड काय असतं, त्याला म्हण नाही.

मार्चमध्ये आलेख तपासत होते.
शेवटच्या वर्षापाशी रेघेत एक पोक दिसला.
टॅम्सिन, हा आकडा चुकलाय बघ.
तिने पाहिलं. म्हणाली, सरळ तर आहे.
मग मी दाराची चौकट पाहिली.
मग घरी न्हाणीतल्या फरशांच्या कडा,
एक डोळा झाकून,
दुसरा झाकून.
जे फोनवर शेकडो जणांना विचारत आले,
सरळ रेघा वाकड्या दिसतात का हो,
ते मला कुणी विचारलं नव्हतं.

सुया झाल्या. एका डोळ्याने ऐकलं थोडं, दुसऱ्याने नाही,
मग पहिल्यानेही ऐकायचं सोडलं.
नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे सरकवला.
अंशतः, म्हणाल्या,
जशी एखादी चांगली बातमी सांगावी.
तो कागद मला पाठ आहे.
सहीची जागा कुठल्या ओळीत,
खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय,
डोळे मिटून सांगेन.

पर्समध्ये आहे. घडी चार पदरी.
आकडे लंडनला गेले.
मिस्टर चेनोवेथनी रेघ भिंतीवर लावलीय, रंगीत;
माझ्या खुर्चीतून ती दोन दिसते,
दोन्ही खाली जाणाऱ्या.

रविवारी ऊन होतं.
बादली भरली, फडकं घेतलं,
गाडी धुतली.
आरसेसुद्धा.