शेरा

आमचं उपकेंद्र वाढोण्याच्या पांदणीला लागून.
तेहतीस केव्ही येते, अकरा होऊन जाते,
मध्ये मी, रात्रपाळीला,
दर तासाला आकडे मांडत :
व्होल्ट, अँपिअर, तेलाचं तापमान, शेरा.
शेऱ्यात बावीस वर्षं एकच शब्द. निरंक.

टीव्ही हेल्पर उकंडरावचा.
पोराच्या लग्नात नवा आला, जुना इकडे.
वर डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळा डाग,
नेमका तिथंच, जिथं देशांची नावं असतात
आणि गोलचे आकडे.
म्हणून आम्हाला अजून माहीत नाही ते कोण होते.
एक तांबडे. एक हळदीवाले.
एक पांढरे, त्यांना सुरमाबाई लाँड्रीवाले म्हणायची.

सुरमाबाई टेकाम, हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेली.
शेतीची लाइन त्या पंधरवड्यात रात्री बारानंतर.
ती, तिचा दीर झिबल, भोंगाड्यांचा बीए झालेला दिगांबर,
आधी बाहेर शेकोटीला बसत,
मग दारात,
मग सरळ पॅनलपुढच्या रबरी चटईवर.

पहिल्या रात्री उकंडराव म्हणाला,
"बावीस जन एका चेंडूमांगं, अन् हात लावाची मनाई!
याले का खेळ म्हन्ते?"
चौथ्या रात्री तोच :
"आपल्या तांबड्याइचा तो बुटका आज काहून नाई?"
आपल्या.
हा शब्द कुठून आला, कोणीच विचारलं नाही.

ऑफसाइड दिगांबरनं फरशीवर फ्यूजच्या किटकॅट मांडून समजावला.
दोनदा. तरी फक्त सुरमाबाईला कळला :
"म्हंजे पंगत बसाच्या पयलेच जाऊन बसाचं नाई."
झिबल तर एकदा म्हणाला, "साहेब,
आज लाइन दहा मिन्टं उशिरा सोडा."
बावीस वर्षांत असा अर्ज पहिला.

मला आवडायचा गोलकीपर.
सदरा वेगळा, जागा एकट्याची,
सगळे तिकडं धावत असताना हा इकडं
काही न करता जागा.
त्याच्याकडे लोक बघतात ते चूक झाली तरच.
आम्ही दोघं एकाच खात्यातले.

शेवटच्या रात्री बरोबरी.
एकेकानं येऊन मारायचं ठरलं
आणि तेव्हाच दोन नंबरचा फीडर ट्रिप झाला.
हातमोजे चढवले, टॉर्च घेतला, यार्डात गेलो.
पायाखाली खडी, वर दव धरलेल्या तारांची चुरचुर,
कुंपणापलीकडे एक रोही, नुसते दोन डोळे.
ब्रेकरकडे हात नेला
आणि मागून आरडा फुटला.
सुरमाबाईचा, झिबलचा, उकंडरावचा खोकल्यासकट.

कोणी मारला, कोणी अडवला, कोणाचा गेला,
काही कळलं नव्हतं.
मी हसत होतो.
अंधारात उभा राहून टाळ्या वाजवत होतो
त्या जाड रबरी हातमोज्यांनी,
ज्यांच्या टाळीला आवाजच नाही.
मग लाइन सोडली,
आणि वाढोणा पेटत गेला, घराघरानं.

गुरुवारी कनिष्ठ अभियंता तपासणीला आले.
रजिस्टर उलटत एका ओळीवर थांबले.
तेलाचं तापमान छत्तीस. शेरा :
तांबडे चार, हळदीवाले तीन.
माझंच अक्षर. कधी लिहिलं, आठवत नाही.
साहेबांनी टीव्हीकडे पाहिलं, त्या डागाकडे पाहिलं,
हिरवा पेन काढला.
मी मनात मेमो वाचायला घेतला.

त्यांनी लिहिलं :
पाहिले. तिसऱ्या वेळी गोलकीपर रेषेच्या पुढे होता.
खाली सही, तारीख.

हरभरा सोंगून झाला, भांडण चालूच आहे.
सुरमाबाई म्हणते, "होता त होता!
त्या साहेबाले म्हना, इथं चटईवर येऊन बसा,
मंग सांगा."