पाचर

इल्पो आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते
आणि तांपेरेत अंधार पडला होता.
पेटीवरचा बर्फ त्याने आधी बाहीने झाडला, मग बुटांवरचा.
म्हणाला, हिचा ब्रिज कायमचा बसव.
हलायला नको.

मी कारण विचारलं नाही.
कॉफी उकळेपर्यंत थांबलं की गिऱ्हाईक आपणच सांगतं.
शनिवारी हॉटेलात टँगो चालू होता,
सत्तरीतली जोडपी, गालाला गाल,
आणि मधेच पहिली तार तुटली.

दुसऱ्या गिटारीत एक तुटली तर एकच तुटते.
हिच्यात एकीने हात सोडला
की मागच्या स्प्रिंगांचं फावतं, त्या ब्रिज ओढून घेतात,
आणि उरलेल्या पाचजणी वर चढतात,
ना धड या सुरात, ना धड त्या.
क्युल्लिक्की नावाची एक बाई नाचता नाचता थांबली
आणि खाली बघू लागली.
तिला वाटलं, जमीन कलली.

हे सांगून इल्पोने साखरेचा खडा दातात धरला
आणि कॉफी बशीत ओतली.

गिटार पालथी घातली.
मागच्या झाकणाला सहा स्क्रू असतात, हिला पाचच.
आत स्प्रिंगा, तपकिरी, ताणून ताणून शिणलेल्या,
आणि कोपऱ्यात धूळ नव्हे, लोकर: कुठल्यातरी स्वेटरची, लाल.

ही गिटार मी ओळखते.
सोळाव्या वर्षी, युवक केंद्राच्या हॉलमध्ये,
सगळ्यात मागे चवड्यांवर उभी होते मी
जेव्हा याच माणसाने दांडी दाबून
सहाच्या सहा तारा विहिरीत सोडल्या,
सैल, लोंबत, पार तळापर्यंत,
आणि तशाच ओढून वर काढल्या, निथळत्या.
बस होती, तरी त्या रात्री मी चालत घरी गेले.
त्याला हे माहीत असायचं कारण नाही.

माझं दुकान बुटांच्या जुन्या कारखान्यात आहे.
तळघरात अजून कलबुतांची पोती सापडतात,
बर्चची, साठ वर्षं सुकून हाडासारखी झालेली.
एक काढलं. डावा पाय, एकेचाळीस नंबर.
टाच कापली, टाचेचे दोन ठोकळे केले.
कानस. बसवून बघ. काढ. परत कानस.
केसभर जास्तच ठेवायचं,
म्हणजे अंगठ्याने जात नाही
आणि लाकडी हातोडीच्या दोन टिचक्यांनी जातं.
एक ठोकळा शेपटाकडे, एक स्प्रिंगांकडे,
मधे लोखंड. आता सरक म्हटलं तरी कुठे सरकेल?

कुणाचं होत आलेलं काम अडलं
की लोक म्हणतात, पाचर मारली.
माझं पोट त्यावर चालतं.

नव्या तारा चढवल्या, सुरात आणल्या,
मग पहिली मुद्दाम सैल सोडली, पार लोळेपर्यंत.
बाकीच्या पाच जागच्या हलल्या नाहीत.
इल्पोने मान डोलावली. हसला नाही.
मी ती परत सुरात आणून दिल्यावर
त्याने टँगोच्या चार ओळी वाजवल्या,
शेवटचा सूर लांबवला
आणि करंगळी दांडीकडे गेली.

दांडी टेबलावर होती, स्क्रूंच्या वाटीशेजारी.
करंगळी हवेत राहिली,
अंधारात जिना संपल्यावर
आणखी एका पायरीसाठी टाकलेल्या पावलासारखी.
सूर होता तिथेच होता.
विझेपर्यंत तिथेच.

दांडी त्याने कोटाच्या खिशात घातली.
पैसे मोजून दिले, सुट्या नाण्यांसकट.
किती टिकेल? त्याने विचारलं.
तुझ्यामाझ्यानंतरही, मी म्हणाले,
आणि ते खोटं नाही.
फक्त गोंद लावलेला नाही, एवढं बोलले नाही.
पाच स्क्रू, हातोडीची उलटी टिचकी,
आणि दोन्ही ठोकळे हातात येतील.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.

उरलेलं कलबूत खिडकीत ठेवलंय,
टाचेवाचून,
चवड्यावर उभं.