लेखनिक

नववी नापास.
हे दोन शब्द मी तीस वर्षं पदराखाली झाकलेले.
राजारामपुरीत, सातव्या गल्लीतल्या जिन्यावर
जमीर मुजावर म्हणाला, "मावशी, असंच माणूस पाहिजे.
लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा.
नियमच आहे."
मी त्याच्याकडं बघतच राहिले.
माझं कमी असणं कुणाला तरी पाहिजे होतं.

दोन रविवार शिकवलं त्यांनी.
डोळ्याला फडकं बांधून एकमेकींचं ऐकायला लावलं.
सांगेल तेवढंच लिहायचं.
चुकलं तर चुकलेलंच लिहायचं.
कपाळाला आठी पडू दे, श्वासाला पडता कामा नये,
पोरींना श्वास दिसतो.
दोन पेनं दिली, केएमटीचं भाडं पाकिटात घालून दिलं,
आणि सुभाषनगरात येऊन
माझ्या मालकाला स्वतः सांगून गेला,
"मंगलमावशींना मंगळवारी सुट्टी लागेल."
चपलेच्या वेण्या घालणाऱ्या बाईसाठी
असं सांगायला कोण येतं?

पेपर भूगोलाचा.
तनुजा चौगुले, बी.ए. दुसरं वर्ष.
ती बोलायची, मी लिहायची,
चामड्यातनं पट्टी काढावी तसं, हात न उचलता.
प्रश्न सातवा. पंचगंगा कुठल्या नद्यांची होते?
"कासारी," ती म्हणाली. "कुंभी. भोगावती.
सरस्वती, ती गुप्त."
आणि थांबली.
बाकावर बोटं वाजवत बसली.

माझं माहेर धामोड.
तुळशीत मी म्हशी धुतल्या,
तुळशीत माझा भाऊ बुडता बुडता वाचला.
नाव जिभेवर कसलं,
अख्खी नदी तोंडात भरलेली
आणि मी ओठ मिटून.
पंखा. सुपरवायझर बाईंच्या बांगड्या.
"पुढचा प्रश्न वाचा, मावशी."
मी एक ओळ मोकळी सोडली
आणि वाचला.

बाहेर चहाच्या गाड्यावर सांगितलं, "तुळशी."
तिनं कपाळावर हात मारला,
"आमच्या दारात आहे की वो!"
आणि एवढी हसली
की बशीतला चहा माझ्या पायावर.

मला मात्र रात्री भाकरी उतरेना.
एक मार्क घशात.
साडेनऊला जमीरचा फोन.
पेपर झाला की तो करतोच,
पोरांना नव्हे, लेखनिकांना.
"काही जड गेलं का?"
मी नदीचं सांगितलं. तो मधे बोलला नाही.
मग हळूच म्हणाला,
"माझ्या पहिल्या पेपरला मी उत्तर सांगितलं होतं.
ते पोरगं परत माझ्याशी बोललं नाही.
म्हणालं, त्यात मी पास नाही झालो, तू झालास."

बराच वेळ दोघंही गप्प.

"मावशी, सतरा नंबरचा फॉर्म भरताय का?
दहावीला बसा. पुस्तकं इथं आहेत."
"आणि दहावी झाले तर
मग तुला चालंन व्हय रं मी?"
"तनुजा एम.ए. करणार म्हणती," तो म्हणाला.
"तुम्हाला अजून लई जागा हाय."